म्हणींतील मूल

म्हण म्हणजे समाजाने अनेक पिढ्यांच्या अनुभवातून काढलेले थोडक्यातले अनुमान होय. पाऊस, शेती, पैसा, सासर-माहेर यांवर मराठीत म्हणी आहेत. मग घरातले मूल त्यातून कसे सुटेल? आल्फ्रेड मॅनवारिंग यांनी १८९९ साली मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. पुढे य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' निघाला. मुलांविषयीच्या म्हणींचा विचार करता त्यांचे तीन गट पडतात, असे मला वाटते.

पहिला गट मायेचा. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' या म्हणीत ममता आहे आणि त्या ममतेची थट्टाही आहे. खोडी एकच, आपल्या मुलाने केली तर बाळलीला, शेजाऱ्याच्या मुलाने केली तर वाईट वळण! 'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही' ही म्हण मात्र मुलांसाठी नाहीच. आपले मागणे बोलून दाखवा, असे ती मोठ्यांना सांगते. मूल तेथे केवळ दृष्टांतापुरते आले आहे.

दुसरा गट शिस्तीचा. चाणक्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका संस्कृत सुभाषिताचा आशय असा : मुलाचे पाच वर्षे लाड करावेत, पुढे दहा वर्षे त्याला धाकात ठेवावे आणि सोळावे लागताच त्याला मित्र मानावे. आपल्या लोकांनी मधला भाग तेवढा पाठ केला. शाळेतील शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ने मनाई केली. पण सोळा वर्षांच्या मुलाला, त्यातही मुलीला, मित्र मानणारी घरे आपल्या पाहण्यात किती आहेत?

तिसरा गट भाकिताचा, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात', 'खाण तशी माती', 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?' मुलीच्या बाबतीत तर 'परक्याचे धन' एवढे दोनच शब्द पुरतात. कालिदासाच्या 'शाकुंतला'त कण्वमुनीही कन्येला परक्याचे धनच म्हणतात. म्हणजे ही समजूत केवळ अडाण्यांची आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

सारे पाळण्यातच ठरत असेल, तर शाळा कशाला हवी? जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ती या भाकिताला न जुमानता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर राहिल्या. आदिवासी मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. खाण पाहून माती ठरवणाऱ्याला हे सुचले नसते.

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. माझ्या आईवडिलांनी शाळेची पायरी चढलेली नाही. मी अकरावीला नाव घातले तेव्हा भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी आडाची आणि पोहऱ्याची हीच म्हण ऐकवली होती. वडील काही बोलले नाहीत; त्यांनी फीचे पैसे तेवढे मोजून दिले. परंतु या लेखातील बहुतेक म्हणी मी कोशात पाहण्याआधी आईच्या तोंडून ऐकल्या आहेत. कोणती म्हण कोठे टाकावी, हे तिला जितके कळते तितके मला अजून कळत नाही. मग आड कोरडा आहे, असे कसे म्हणावे? त्यात पाणी होते; पोहरा सोडण्याची सोय तेवढी कोणी केली नव्हती.

म्हणून म्हणी टाकून द्याव्यात, असे मी म्हणत नाही. त्या जपाव्यात, पण त्यांना निकाल समजू नये. माझ्यासारखे घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले अनेक जण येथे आहेत. त्यांनी सुटीत घरी गेल्यावर आई-आजीजवळ बसून मुलांविषयीच्या म्हणी उतरवून घ्याव्यात, आणि प्रत्येक म्हण कोण कोणाला कोणत्या वेळी म्हणते, हेही शेजारी लिहावे. आपल्या मराठी विभागाला त्याचा उपयोग होईल, आणि आपल्याला आपले घर अधिक कळेल.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला