स्कॉटलंडचा बटाटा आणि आपले बेणे



अभ्यासदौऱ्यात एक दिवस आम्ही स्कॉटलंडच्या अँगस भागात बेण्याच्या बटाट्याची राने पाहिली. हवा थंड, वारा सतत. त्यामुळे रोग पसरवणारा मावा तिथे कमी. तरीही उभ्या पिकाची सरकारी तपासणी होते. रोगट झाड शेतकरी कंदासकट उपटून रानाबाहेर नेतो. प्रमाणपत्राशिवाय तो बटाटा बेणे म्हणून विकता येत नाही.

आणि आपण? शेजाऱ्याचा खोडवा तुटला, की तेच बेणे! गवताळ वाढ अशीच रानोरान फिरते. तेव्हा उष्ण बाष्प हवेची (५४ अंश सेल्सिअस, अडीच तास) प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून वाढवलेले, १०-११ महिन्यांचे, बेणेमळ्यातलेच बेणे घ्या. दर ३-४ वर्षांनी ते बदला. गवताळ बेट दिसले तर दया नको, मुळासकट काढा.