लेकरू घरी शिकेल, पण त्याचे नाव शाळेच्या पटावर राहू द्या

वस्तीत आरोग्याच्या कामासाठी घरोघरी जाताना एक वाक्य आम्हाला पुन्हापुन्हा ऐकायला मिळते : "शाळेनं सांगितलं, याला घरीच ठेवा." कुणाच्या लेकराला सेरेब्रल पाल्सी असते, कुणाला ऑटिझम, कुणाची समज वयाच्या मानाने मागे असते. आईबाप मुकाट्याने दाखला काढून आणतात. ज्या समाजाच्या बाबासाहेबांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसून शिकावे लागले, त्या समाजाने आपले लेकरू पुन्हा दाराबाहेर बसवून घ्यावे, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून आधी कायदा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याप्रमाणे 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याची मुभा त्यात दिली आहे. ती निवड आपली आहे, मुख्याध्यापकांची नाही. घरी शिकवायचे ठरवले तरी दाखला काढू नका. नाव पटावर असले तर पुस्तके मिळतात, समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांना घरी बोलावता येते, मुलींना दरमहा 200 रुपयांचा भत्ता आहे. गटसाधन केंद्रात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी गोष्ट घरातली आहे. "मागच्या जन्मीचं पाप" हे शब्द अजून काही घरांत निघतात, आणि मग भगत, गंडे, नवस यांत पहिली दोन-तीन वर्षे जातात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना स्पष्टपणे नाकारली आहे. बाळ मान धरत नाही, नजर देत नाही, बोलत नाही, असे दिसताच आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते, आणि पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात.

आता थेरपीचा खर्च. एका बैठकीचे 400 रुपये धरले आणि आठवड्याला तीन बैठका, तर महिन्याला 4,800 रुपये झाले. रिक्षाभाडे आणि आईचा बुडालेला रोज वेगळाच. चार महिन्यांत पैसे संपतात आणि सगळेच बंद पडते. आमचे म्हणणे असे की बैठका कमी परवडत असतील तर त्या कमी बैठकांतून जास्त काढून घ्यावे. थेरपिस्ट अर्धा-पाऊण तास असते, उरलेला दिवस मूल आपल्यापाशी असते. तिला सरळ विचारा : "ताई, आम्हाला पंधरा दिवसांतून एकदाच जमेल. रोज घरी काय करू?" ती दाखवेल ते मोबाईलवर चित्रित करा, तिच्यासमोर स्वतः करून दाखवा, वहीत लिहा. मात्र मूल अगदी लहान असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर तिला विचारल्याशिवाय बैठका कमी करू नका. आणि फिट्सचे औषध पैशांसाठी एक दिवसही आपल्या मनाने बंद करू नका. सरकारी दवाखान्यात मिळते का ते आधी बघा.

खाजगीकडे जाण्याआधी सरकारी ठिकाणे बघा. जिल्हा केंद्राशिवाय मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, ऐकण्याबोलण्यासाठी वांद्र्याला अली यावर जंग संस्था, नागपूरला दिव्यांगांचे संमिश्र क्षेत्रीय केंद्र. रांग मोठी असते, पण केसपेपर एकदा तयार झाला की पुढे तो कामी येतो. स्टेम सेलने ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी बरी करतो, असे सांगून कुणी लाखभर मागत असेल तर दागिने मोडू नका. तो मान्यताप्राप्त उपचार नाही.

घरी शिकवायचे म्हणजे टेबलखुर्ची लागत नाही. एका खोलीच्या घरात भिंतीकडे तोंड करून चटई टाका म्हणजे लक्ष कमी विचलित होते. दहा-पंधरा मिनिटेच, पण दिवसातून तीन-चार वेळा, रोज त्याच वेळी. नळाला पाणी आले की बादल्या मोजा. पीठ मळणे, मटार सोलणे, दोरीवर चिमटे लावणे, याने बोटांत जोर येतो आणि पुढे पेन्सिल धरता येते. कांदे एका टोपलीत, बटाटे दुसऱ्या टोपलीत. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला कडधान्य किंवा मणी देऊ नका.

कपडे घालायला शेवटापासून शिकवा. चड्डी आपण जवळजवळ पूर्ण चढवायची, शेवटचे वर ओढणे मुलाने करायचे. ते जमले की गुडघ्यापासून, मग पावलापासून. दरवेळी काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला मिळतो. बोलण्यासाठी मागण्याआधीच हातात देऊ नका. "चहा की दूध?" असे विचारा आणि मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबा. बोट दाखवले, नजर वळवली, तरी ते उत्तर माना. न बोलणाऱ्या मुलासाठी बिस्किटाच्या पुड्यावरचे, वर्तमानपत्रातले चित्र पुठ्ठ्यावर चिकटवा.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवे ठेवून भरवू नका, ठसका छातीत जातो. ताठ बसवून, मान किंचित पुढे ठेवून भरवा. ताठर हातपाय जोराने ओढू नका. ऑटिझमच्या मुलाला आवाज सोसत नाही, तेव्हा जयंतीला डीजेसमोर न्यायचा हट्ट नको. सकाळच्या वंदनेला विहारात न्या, तिथे शांतता असते.

आणि एक पोटतिडकीने सांगतो. या लेकराला सांभाळायला मोठ्या बहिणीची शाळा सोडवू नका. असे होते, आणि घरातली दोन मुले एकदम शिक्षणाबाहेर जातात. विहारातल्या महिला मंडळाने आठवड्यातून दोन दुपारी पाळी लावली तर आईला चार तास मिळतात. तशा मुलांच्या आया एकत्र बसल्या तर कोणते केंद्र चांगले, कुठे पैसे लुबाडतात, हेही कळते.

कागदांमध्ये पहिला यूडीआयडी कार्डाचा, कारण बाकी सगळे त्यावर अडते. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. ते हाती आले की एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करता येतो. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना घ्या. वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला नोंदणीचे 250 रुपये, नूतनीकरणाचे 50. अर्ज न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत करावा. पैसे आधी आपण भरायचे आणि बिल दाखवून परत घ्यायचे, म्हणून थेरपीच्या प्रत्येक बैठकीचे सहीशिक्क्याचे बिल मागा आणि एका पिशवीत जपून ठेवा. मुदत 31 मार्चला संपते. नूतनीकरण त्याआधी करून घ्या.