हृद्रोगविनिश्चयात हृदयाचा एम.आर.आय. : अहवालाचे आकलन

अँजिओग्राफीचा अहवाल घेऊन येणारे रुग्ण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. आता काही रुग्ण हृदयाच्या एम.आर.आय.चा अहवालही सोबत आणतात आणि ‘शस्त्रक्रिया टळेल का?’ असे विचारतात. उत्तर देण्यापूर्वी तो अहवाल नेमके काय सांगतो, हे जाणणे आपले कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच अंगाने विचार करीत आहोत.

चरकाचार्यांनी विमानस्थानात रोगज्ञानाचे आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान असे तीन उपाय सांगितले आहेत. अँजिओग्राफीत रोहिणीतील अवरोध प्रत्यक्ष दिसतो. परंतु त्या अवरोधामुळे हृदयाच्या मांसपेशीची काय अवस्था झाली, हे बहुतांशी अनुमानाने ठरवावे लागते. एम.आर.आय.चे मुख्य प्रयोजन येथेच आहे. येथे परीक्षण होते ते प्रामुख्याने पेशीचे.

तत्त्व : प्रबळ चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून संकेत मिळवून प्रतिमा तयार होते. यात क्ष-किरणांचा वापर नाही. या तंत्राच्या पायाभूत संशोधनासाठी पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परीक्षणाचे तीन टप्पे :

१) गती – हृदयाच्या आकुंचन-प्रसरणाचे चलत्चित्र घेतात. कोणती भिंत मंद हलते आणि डावे निलय प्रत्येक आकुंचनात किती टक्के रक्त बाहेर टाकते, हे यावरून कळते.

२) ताणाखालील रक्तपुरवठा – शिरेतून ॲडिनोसिन देऊन हृदयाच्या सूक्ष्म रोहिण्या विस्फारतात व त्याच वेळी गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देतात. ज्या भागास रक्त अपुरे पोहोचते तो भाग काळसर दिसतो.

३) व्रणवस्तू – सुमारे १० ते १५ मिनिटांनी पुन्हा प्रतिमा घेतात. मृत पेशींच्या जागी झालेल्या व्रणवस्तूत गॅडोलिनियम रेंगाळते व तो भाग पांढरा शुभ्र दिसतो. रोहिणीच्या अवरोधाने झालेला व्रण भिंतीच्या आतील थरापासून सुरू होऊन बाहेर पसरतो. हृदयपेशीच्या शोथात तो बहुधा मधल्या वा बाहेरील थरात आढळतो. हा भेद व्याधिविनिश्चयास फार उपयोगी आहे.

अर्थनिर्णय : ताणाखाली काळसर परंतु व्रणरहित भाग म्हणजे जिवंत, पण उपाशी पेशी. मंद हलणारी, तरीही व्रण नसलेली वा अल्प व्रण असलेली भिंत रक्तपुरवठा सुधारल्यास पुन्हा कार्यक्षम होऊ शकते. भिंतीची तीन चतुर्थांशाहून अधिक जाडी व्रणाने व्यापली असल्यास ती शक्यता अत्यल्प असते, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले. तथापि केवळ ‘पेशी जिवंत आहे’ एवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होत नाही. लक्षणे, अवरोधाचे स्थान आणि हृदयाची एकूण शक्ती यांचा समग्र विचार हृदयरोगतज्ज्ञ करतात.

विश्वासार्हता : इंग्लंडमधील लीड्स येथे ७५२ रुग्णांवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोहिणीविकार ओळखण्याची या परीक्षणाची संवेदनक्षमता ८६.५ टक्के, तर किरणोत्सारी द्रव्याने केलेल्या स्पेक्ट परीक्षणाची ६६.५ टक्के आढळली.

पूर्वतयारी : चहा-कॉफीतील कॅफिन ॲडिनोसिनच्या कार्यास बाध आणते, म्हणून ती साधारणतः २४ तास आधी बंद करतात. तमकश्वासाचा इतिहास, जुना पेसमेकर, कानातील वा मेंदूतील धातूचे रोपण, डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण आणि वृक्कविकार यांची माहिती केंद्रास आधीच द्यावी. वृक्कांचे कार्य अतिमंद असल्यास गॅडोलिनियमविषयी विशेष सावधगिरी घ्यावी लागते. रोहिणीत बसवलेला स्टेंट सामान्यतः या परीक्षणास आड येत नाही.

आपली मर्यादा : छातीत तीव्र वेदना, घाम, श्वासकष्ट अशा अवस्थेत एम.आर.आय.ची वाट पाहू नये. रुग्णास तत्काळ ई.सी.जी. व ट्रोपोनिन तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. हृदय हे सद्यःप्राणहर मर्म आहे, हे सुश्रुताचार्यांचे वचन येथे विसरता कामा नये.

स्थिर रुग्णाच्या बाबतीतही विवेक हवा. अहवालात उपाशी पेशींचे मोठे क्षेत्र दिसत असता ‘आधी आमचे औषध सहा महिने घेऊन पाहा’ असे सांगणे म्हणजे जिवंत पेशीचे रूपांतर व्रणवस्तूत होण्याचा धोका पत्करणे होय. तसेच अहवाल चांगला आला म्हणून रक्त पातळ ठेवणारी वा कोलेस्टेरॉलची चालू औषधे परस्पर थांबवू नयेत. आहार, विहार, तंबाखूत्याग, मधुमेहाचे नियंत्रण व मनःस्वास्थ्य या क्षेत्रांत आपले साहाय्य मोलाचे आहे. हृदयरोगतज्ज्ञांशी पत्रव्यवहार ठेवून ते द्यावे. मृत पेशी परत आणण्याचे आश्वासन देणे शास्त्रास धरून नाही. जिवंत पेशी वेळेत राखली जाईल असा सल्ला देणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी अहवाल वाचता येणे आवश्यक आहे, असे आमचे मत आहे.