तबला बंद, चित्रकला बंद आणि मग ॲनिमेशनचा डिप्लोमा

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्यातल्या वर्तकनगर, शिवाईनगर, उपवन आणि पोखरण रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या इमारतींतून एकच प्रश्न, चेहरे बदलून परंतु जवळजवळ त्याच शब्दांत, माझ्याकडे येऊ लागतो : मुलाला ॲनिमेशनची आवड आहे, अमुक एका संस्थेत डिप्लोमा आहे, ते नोकरीची हमी देतात, फी तेवढी लाखांच्या घरात आहे, तर घालावे काय? ज्याने वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली आणि एकामागून एक फाटके बंद होताना पाहिली, त्या पित्याला आपल्या मुलाच्या हाती एखादी सनद असावी असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तथापि माझे उत्तर बहुधा नकारार्थीच असते, आणि ते ऐकून पालकांचा जो हिरमोड होतो त्याहून अधिक हिरमोड त्यानंतर मी विचारतो त्या प्रश्नाने होतो.

तो प्रश्न असा, की हा मुलगा आठवीपर्यंत काय करीत होता? उत्तर ठरलेले असते. चित्रे काढीत होता. एलिमेंटरी उत्तीर्ण झाला, इंटरमिजिएटही दिली, कारण तिच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात. शेजारच्या इमारतीतल्या गुरुजींकडे तबला शिकत होता. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षा झाल्या होत्या. मग नववी आली. तबला माळ्यावर गेला, रंगांची पेटी धाकट्या बहिणीला मिळाली, आणि 'दहावी होऊ दे, मग बघू' या आश्वासनावर दोन्ही बाबी तहकूब झाल्या, त्या कायमच्याच. ज्या दोन विद्या मुलाच्या अंगी अल्प खर्चात मुरत होत्या त्या आपणच मोडून काढायच्या आणि तीन वर्षांनी कर्ज काढून त्यांचीच निकृष्ट नक्कल वातानुकूलित वर्गात विकत घ्यायची, या व्यवहाराला मी शहाणपणा म्हणू शकत नाही. मुलाच्या भवितव्याची एवढी चिंता वाहणाऱ्या माणसांनीच ते केले आहे, हे मी तोंडावर सांगतो. काही जण रागावून उठून जातात.

संगीतावर बेतलेली साधी आवर्ती चलचित्रे, ज्यांना मुले नुसते 'लूप' म्हणतात, त्यांकडे पालक पोरखेळ म्हणून पाहतात आणि संस्था ती पहिल्या काही आठवड्यांत उरकून टाकतात. माझ्या मते मात्र या धंद्यात शिरण्याचे इतके स्वस्त आणि इतके उपेक्षित द्वार दुसरे नाही. लेझीम खेळणारी एक मुलगी घ्या. चित्रपटाचा शिरस्ता सेकंदाला 24 फ्रेमचा. लय मिनिटाला 120 मात्रांची असली तर एका मात्रेला अर्धा सेकंद, म्हणजे 12 फ्रेम, आणि दादऱ्याच्या 6 मात्रांना 72. एक चित्र दोन फ्रेमभर टिकवण्याची जुनी काटकसर पाळली तर अवघ्या 36 चित्रांत आवर्तन पुरे होते. नवशिका इथेच ठेचकाळतो : शेवट सुरुवातीला जुळावा म्हणून तो पहिलेच चित्र सदतिसावे म्हणून पुन्हा ठेवतो, आणि मग ऐन समेवर ते चित्र दुप्पट वेळ थबकून लेझीम हिसका खाते. तबल्याच्या वर्गात बसलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही, कारण दादऱ्याला सातवी मात्रा नाही, सहावीनंतर समच येते, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

लय 100 मात्रांची केली की खरी कसोटी लागते. आता एका मात्रेला 14.4 फ्रेम येतात, आणि फ्रेमचा तुकडा काही पाडता येत नाही. दशांश सोडून देऊन प्रत्येक मात्रेला 14 धरणाऱ्याची दादऱ्याच्या एका आवर्तनात 2.4 फ्रेमची तूट पडते, दहा आवर्तनांत चित्र तबल्याच्या पुढे पूर्ण एक सेकंद पळते, आणि पाहणाऱ्याला कारण न कळताही काहीतरी बेताल चालले आहे एवढे निश्चित कळते. जाणता मुलगा दर 5 मात्रांना 72 फ्रेम असा हिशेब बसवून त्या 14, 14, 15, 14, 15 अशा वाटतो; किंवा सरळ झपताल निवडतो, ज्याच्या 10 मात्रांना 144 फ्रेम बिनबाकी येतात. एवढे गणित शाळेने शिकवलेले असते, एवढी लय गुरुजींनी; त्यांची गाठ घालून देणारा मात्र घरात कोणी नसतो.

ही गाठ नवी नाही. 1974 साली फिल्म्स डिव्हिजनने काढलेला 'एक अनेक और एकता' हा छोटा चित्रपट ज्यांनी दूरदर्शनवर पाहिला ते आज स्वतः पालक आहेत आणि त्याचे गाणे अजून गुणगुणतात. त्यामागे विजया मुळे यांची शिक्षणदृष्टी होती, संगीत वसंत देसाईंचे होते, आणि चित्रे हलवली होती भीमसेन यांनी, ज्यांनी तरुणपणी लखनौला चित्रकलेबरोबर शास्त्रीय संगीताचेही शिक्षण घेतले होते. पुढे मुंबईस येऊन फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमीची चित्रे रंगवता रंगवता राम मोहन यांच्या हाताखाली ते ॲनिमेशन शिकले. रेषा बेताची, रंग सपाट; परंतु प्रत्येक हालचाल गाण्याच्या वजनावर पडते, आणि म्हणूनच पन्नास वर्षे लोटली तरी तो जुना वाटत नाही. दादासाहेब फाळक्यांनी तर 1915 च्या सुमारास नुसत्या आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' दाखवली होती. साधन तुटपुंजे असणे ही सबब तेव्हाही नव्हती.

आता हमीच्या नोकरीविषयी. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर या जगद्विख्यात समूहाचे कामकाज कोसळले आणि त्याच्या बेंगळुरू-मुंबईतल्या स्टुडिओंतील माणसांना, ज्यांनी हॉलिवूडच्या मोठमोठ्या चित्रपटांवर कामे केली होती, एकाएकी घरी बसावे लागले. जिथे अशा समूहाला आपल्याच कर्मचाऱ्यांची हमी घेता आली नाही, तिथे रेल्वे स्टेशनाजवळच्या दुसऱ्या मजल्यावरील वर्गाने तुमच्या मुलाची हमी घ्यावी आणि तुम्ही ती बेलाशक खरी मानावी, हे मला अजब वाटते. यंत्र आता आपोआप चित्रे हलवते हे खरे, आणि जे काम केवळ आज्ञेबरहुकूम चित्रे पुरवण्याचे आहे ते सर्वांत आधी यंत्राकडे जाणार हेही खरे. डिप्लोमाच्या वर्गात बहुधा तेच काम शिकवतात.

राहिले सरळ मार्ग, ते थोडक्यात. जे.जे.ची उपयोजित कला आहे. पवईच्या आयआयटीत 1969 पासून चालत आलेले आयडीसी हे डिझाइनचे केंद्र आहे, ज्याच्या पदवीसाठी बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला यूसीड ही प्रवेशपरीक्षा देता येते. अहमदाबादचे एनआयडी आहे. मिळाले तर डोळे मिटून घ्यावे. न मिळाले तर ठाण्या-डोंबिवलीतल्या कोणत्याही महाविद्यालयात बी.कॉम. वा बी.ए.ला नाव घालावे, फीचे लाख बँकेत राहू द्यावेत, घरी बरा संगणक आणि चित्र काढायची पाटी आणावी. क्रिटा आणि ब्लेंडर या दोन्ही प्रणाली फुकट आहेत. मग दोन वर्षे एकेक ताल घेऊन मुलाने छोटे लूप करावेत. 'हे कुठे चालणार?' असे विचारणाऱ्या पालकांनी मुलाच्या फोनवर स्पॉटिफाय उघडून पाहावे : गाणे चालू असताना मागे फिरणारे चित्र 3 ते 8 सेकंदांचे असते. गाण्यांच्या कार्यक्रमांत गायकामागच्या एलईडी पडद्याला आणि बालगीतांच्या वाहिन्यांना याच जातीचे काम लागते.

पैसा सुरुवातीला थोडा आणि अनियमित मिळतो, निवृत्तिवेतन नाही, आणि गिऱ्हाईक वसुलीला दिरंगाई करते. म्हणून कामाचा तपशील, मोबदला आणि किती वेळा दुरुस्त्या करून देणार ही संख्या आधी लेखी घ्यावी. एक गोष्ट मात्र मुले हमखास विसरतात : चित्रे स्वतःची असली तरी चित्रपटातले गाणे स्वतःचे नसते, आणि ते विनापरवाना लावलेला लूप गिऱ्हाइकाला विकता येत नाही. त्यासाठी माळ्यावरचा तबला खाली काढून, तो वाजवणाऱ्या मित्राचा ठेका फोनवर ध्वनिमुद्रित करावा आणि त्याच्याकडून चार ओळींची लेखी संमती व सही घेऊन ठेवावी. मित्र वर्तकनगरातलाच असेल तर हे सारे एका संध्याकाळी उरकते.