बंदिशाळेतील कीर्तनसेवा

भगवान श्रीकृष्णांचा जन्म बंदिशाळेत झाला, ही कथा आम्ही कीर्तनकार दरवर्षी जन्माष्टमीला रंगवून सांगतो. श्रोते गहिवरतात, पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. पण आपल्या जिल्ह्याच्या गावी जो तुरुंग आहे, त्याच्या दाराशी आपल्यापैकी किती जण गेले? देव जिथं जन्मला तिथं जायला वारकऱ्याला संकोच का वाटावा? म्हणून ह्या सेवेचा थोडा विचार करू.

संस्कृतात 'बद्ध' हा शब्द दोघांनाही लागतो: बेडीत असलेल्याला आणि संसारात गुंतलेल्याला. एकाच्या भिंती दिसतात, दुसऱ्याच्या दिसत नाहीत, इतकाच फरक. हे ध्यानी धरून जो आत जातो, त्याच्या वाणीला उपदेशकाचा ताठा येत नाही.

सन १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरून घेतला. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ असा तुरुंगात जन्मला. सांगणारा आणि लिहून घेणारा, दोघेही तेव्हा बंदीच होते. आपल्याला आत राहता येत नाही. पण नेमाने जाता येते. वारी म्हणजे नेमच की नाही? बंद्याने मुलाखतीच्या दिवशी वाट पाहावी आणि घरचे कोणी येऊ नये, हे तिथं नेहमीचे. त्यात आपणही एकादशीला येतो म्हणून गेलो नाही, तर नामावरचाच विश्वास उडतो. वर्षातून एकदा मोठा सप्ताह करण्यापेक्षा महिन्याला एक तास बरा.

आता आचाराचे नियम. प्रथम अधीक्षकांची लेखी परवानगी घ्यावी. पखवाज, टाळ, वीणा दारावर तपासून, मोजून आत न्यावी आणि तशीच मोजून बाहेर आणावी. प्रसाद परस्पर वाटू नये. कोणाची चिठ्ठी, निरोप, पैसा, तंबाखू नेऊ-आणू नये. दया वाटली तरी नाही. "तू काय केलंस?" हे कधीही विचारू नये. त्याने आपण होऊन सांगितले तर ऐकावे आणि पोटात ठेवावे. "माळ घाल, लवकर सुटशील" असले आमिष तर मुळीच दाखवू नये. सुटकेसाठी घातलेली माळ सुटल्यावर खुंटीला जाते.

आणखी एक. आत बसलेले सगळे अपराधी असतात, अशी आपली समजूत असते. सन २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांचा निकालच लागलेला नव्हता. कोठडीतील प्रत्येकाला फुकट वकील मागण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. पुष्कळांना तो ठाऊकच नसतो. 'जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर' एवढे सांगणे हीदेखील सेवाच होय.

कीर्तन संपल्यावर आपण एकमेकांच्या पाया पडतो. आतही तसेच करावे. बंदी आपल्या पाया पडेल, त्यात नवल नाही. आपण वाकलो की तो मागे सरतो, "महाराज, नको" म्हणतो. तिथं थांबू नये. त्याच्यातला पांडुरंग अजून कोणाला दिसतो, हे त्याला कळू द्यावे. दोन तासांच्या निरूपणाने होत नाही ते ह्या एका नमस्काराने होते, असा आमचा अनुभव आहे.

कोणी म्हणेल, ज्याचे घर उद्ध्वस्त झाले त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. नामाने शिक्षा माफ होत नाही, व्हावी असेही आम्ही म्हणत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याच्या दाराशीही आपण गेलेच पाहिजे. माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातले वाईट तेवढे जावे असे मागितले. ते जाण्याला विश्वासाची जागा लागते. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली. शिक्षा झालेल्यांनी भिंतीवाचून राहावे, शेती करावी, हा तिचा हेतू. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट तिच्यावरूनच सुचला. राजाला हा विश्वास ठेवता आला. मग आपल्या फडाला का येऊ नये?

कारण खरी परीक्षा तुरुंगाच्या बाहेरच आहे. शिक्षा भोगून माणूस गावी येतो, तेव्हा त्याला काम मिळत नाही, सोयरे दार लावून घेतात. आत शिकलेला हरिपाठ म्हणत तो आषाढीला आपल्या दिंडीत उभा राहिला तर? त्याला राहुटीत पथारी टाकू द्याल का? पंगतीत शेजारी बसवाल का? की पिशव्या उशाशी ओढून घ्याल? आत त्याच्या पाया पडायचे आणि बाहेर ओळख दाखवायची नाही, तर आपले कीर्तन खोटे ठरेल.

तरी विणेकरी, चोपदार आणि फडकरी मंडळींना आमची विनंती आहे की, प्रस्थानाआधी दिंडीत बसून ह्याचा निर्णय करून ठेवावा. तो आला, की कोणी कुजबुजू नये. कोणीतरी त्याच्या हाती टाळ द्यावा, म्हणजे झाले.