गुडघा इंदूरला बदलला, चालणं धार-देवासलाच शिकायचंय

“डॉक्टर, गुडघा बदलल्यावर किती दिवस पडून राहायचं?” धार-देवासकडच्या मराठी घरांतून हा प्रश्न हमखास येतो. उत्तर थोडक्यात सांगतो: पडून राहूच नका. प्रकृती स्थिर असेल तर ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी, वॉकर देऊन रुग्णाला उभं केलं जातं.

हे ऐकून घरची मंडळी घाबरतात. “नवा सांधा निसटला तर?” बहुतेक कृत्रिम गुडघे हाडाला सिमेंटने बसवतात आणि ते सिमेंट टेबलावर असतानाच घट्ट होतं. त्यामुळे पायावर भार द्यायला सहसा हरकत नसते. सांधा सिमेंटविना बसवला असेल किंवा हाड फारच ठिसूळ असेल, तर भार किती द्यायचा ते सर्जनना विचारा. खरा धोका पडून राहण्यात आहे. पोटरीत रक्ताची गुठळी होते, क्वचित ती फुप्फुसात जाते. छातीत कफ साठतो, मांडीचे स्नायू ढिले पडतात आणि गुडघा आखडतो.

दवाखान्यातले दिवस

भूल उतरू लागली की पावलं वर-खाली हलवायला सुरुवात करा. जागे असताना दर तासाला दहा वेळा पुरे. मग गुडघ्याची मागची बाजू गादीवर दाबून मांडी आवळायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. सोबत दीर्घ श्वास. पहिल्यांदा उभं राहताना मात्र फिजिओ किंवा नर्स हवीच. वेदना कमी करण्यासाठी मज्जातंतूजवळ दिलेल्या इंजेक्शनमुळे मांडी बधिर राहू शकते आणि गुडघा अचानक दुमडतो.

माया म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नका. तसं ठेवल्यावर बरं वाटतं, पण गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे चाल लंगडी होते. उशी ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवा. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. दुखणं सोसत व्यायाम टाळणाऱ्याचा गुडघा नंतर जास्त त्रास देतो. व्यायामानंतर पंधरा-वीस मिनिटं कापडात गुंडाळलेला बर्फ लावा.

साधारण दोन आठवड्यांत गुडघा जवळजवळ सरळ व्हावा आणि काटकोनापर्यंत वाकावा, हे पहिलं उद्दिष्ट. दीड-दोन महिन्यांनंतरही तो काटकोनात वाकत नसेल, तर कधी भूल देऊन वाकवावा लागतो.

घरी आल्यावर

आपल्याकडे गाडी अडते ती इथे. ऑपरेशन इंदूरला होतं, तीन-चार दिवसांत सुटी मिळते आणि रुग्ण देवासला किंवा त्याहून लांब धारला परततो. फिजिओ मागे राहतो आणि घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. “अगं, पडून राहा, आम्ही आहोत ना!” असं म्हणत सगळे रुग्णाला पलंगावरून उठूच देत नाहीत. म्हणून ऑपरेशनची तारीख ठरायच्या आधीच आपल्या गावातला फिजिओ ठरवा. तो घरी कधी येणार हे नक्की करा आणि घरच्या एकाला सगळे व्यायाम शिकवून ठेवा.

जुन्या वाड्यात उंच उंबरठे आणि अरुंद जिने असतात. रुग्णाची खोली काही आठवडे खालीच ठेवा. सतरंज्या आणि सुटी पायपुसणी उचला, रात्रीचा दिवा लावा. कमोड किंवा कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा पाय, असा नियम. इंदूरहून येताना मोटारीची पुढची सीट मागे सरकवून बसा आणि वाटेत पावलं हलवत राहा. जखमेवर तेल-मालिश नको.

देवासकरांचा ठरलेला प्रश्न: “टेकडीवर माताजींच्या दर्शनाला कधी जाऊ?” चालणं स्थिर झालं की सर्जनना विचारून रोप-वेने जा. पायऱ्यांची घाई नको, तीन महिने तरी थांबा. मांडी घालून पंगतीला बसणं आणि उकिडवं बसणं शक्यतो सोडाच.

खुब्याचा सांधा बदलला असेल तर नियम वेगळे. अनेकदा काही आठवडे पायावर पाय टाकणं, खाली वाकणं आणि बुटक्या आसनावर बसणं वर्ज्य असतं. गुडघेबदल झालेल्या शेजारणीचे व्यायाम खुबा बदललेल्यांनी करू नयेत.

दोन्ही गुडघे एकदम?

अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले गेले: एक ऑक्टोबर 2000 मध्ये, दुसरा जून 2001 मध्ये. सर्जन डॉ. चित्तरंजन राणावत इंदूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. देशाच्या पंतप्रधानांनाही दोन टप्पे घ्यावे लागले, तेव्हा “एकदाच उरकून टाका” असा आग्रह धरू नका. हृदय, साखर आणि वय पाहून सर्जननाच ठरवू द्या.

लगेच फोन करा

पोटरी सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, ताप किंवा लाली वाढत गेली, तर फिजिओची वाट न पाहता सर्जनना कळवा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट जवळचा दवाखाना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. मधुमेह्यांनी साखर आटोक्यात ठेवावी, जखम भरणं आणि जंतुसंसर्ग टळणं बरंचसं त्यावर आहे.

ऑपरेशन ठरवताना इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, हे सगळेच विचारतात. सुटीनंतर पहिले सहा आठवडे व्यायाम कोण करून घेणार, हेही त्याच भेटीत विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.