वऱ्हाडातील घराचे छप्पर व भिंतींचा गिलावा : निवड कशी करावी?

वऱ्हाडात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. एक काळी, म्हणजे पिकाची जमीन, व दुसरी पांढरी, म्हणजे वस्तीची जमीन. काळीत कोणते बी पेरावे याचा विचार शेतकरी सहा महिने आधीपासून करतो. परंतु पांढरीत घर उभारताना छपरावर काय घालावे व भिंतीला बाहेरून काय लावावे, हा निर्णय पुष्कळदा एकाच दिवसात, बाजारात जे स्वस्त मिळेल त्यावरून घेतला जातो. बी चुकले तर एक हंगाम जातो. छप्पर चुकले तर घरातील बाया-माणसे व लेकरे यांना वीस-पंचवीस वर्षे त्याचा त्रास सोसावा लागतो. यास्तव अमरावती व अकोला जिल्ह्यांतील हवा, माती व पाणी ध्यानात घेऊन ही निवड कशी करावी, याचा विचार या लेखात केला आहे.

घरावर येणारे चार मारे

पहिला मारा उन्हाचा. अकोल्याचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. 2024 च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम 144 खाली निर्बंध लागू करावे लागले होते. अशा दिवसांत छपराखालची हवा हा केवळ सुखसोयीचा प्रश्न राहत नाही. वृद्ध माणसे, बाळंतीण व तान्ही मुले यांच्या जिवाचा तो प्रश्न होतो.

दुसरा मारा पावसाचा. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व तो पश्चिम आणि नैर्ऋत्य बाजूंनी भिंतीवर झोडपतो. सपाटीच्या भागापेक्षा मेळघाटात व चिखलदऱ्यास तो पुष्कळच अधिक असतो.

तिसरा मारा वादळाचा. एप्रिल ते जून या काळात अवकाळी वावटळी व गारा येतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट शेतकरी अद्याप विसरलेले नाहीत.

चौथा मारा खालून येतो व तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काळी माती पावसात फुगते व उन्हात आकसून भेगाळते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या बाजूस, जमिनीतील क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात आणि गिलाव्याला लोणा लागतो.

जे आवरण या चारही माऱ्यांना पुरे पडेल ते चांगले. परंतु असा एकच पदार्थ बाजारात मिळत नाही. म्हणून प्रत्येकाचा गुण व दोष जाणून, दोषाची भरपाई बांधणीत करावी लागते.

छपराचे प्रकार

*धाबे.* लाकडाच्या तुळयांवर फळ्या किंवा काड्या घालून वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिलेले धाबे ही आपल्याकडील जुनी पद्धत होय. उन्हाला याच्याइतके थंड छप्पर दुसरे नाही. परंतु त्याचे वजन फार असते, दरवर्षी मृगापूर्वी त्याची डागडुजी करावी लागते आणि लाकूड कुजल्याचे वरून दिसत नाही. जुने धाबे असेल तर तुळयांची टोके भिंतीत शिरतात तेथे टोकदार सळईने टोचून पाहावे. सळई सहज आत गेली तर त्या पावसाळ्यात त्याखाली कोणीही निजू नये.

*कौले.* देशी कौले, ज्यांना आपल्या भागात कवेलू म्हणतात, ती गावातच मिळतात व फुटली तर बदलता येतात. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 साली मंगलोर येथे काढला व तेथून ती देशभर पसरली. एकमेकांत अडकणाऱ्या खाचांमुळे ती देशी कौलांपेक्षा कमी सरकतात. कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर पडते, ही त्यांची मोठी जमेची बाजू आहे. चांगले कौल बोटाने वाजविले असता खणखणीत वाजते. बद्द आवाज आल्यास ते कच्चे भाजलेले किंवा तडकलेले समजावे.

*टिनाचे पत्रे.* हलके, झटपट बसणारे व पाऊस पूर्ण अडविणारे म्हणून पत्र्यांचा प्रसार सर्वांत अधिक झाला आहे. परंतु उन्हात ते तव्यासारखे तापतात आणि नीट न बांधल्यास वादळात उडतात. जस्ताचा मुलामा किती आहे हे विकत घेतानाच पाहावे. दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त असलेला पत्रा 120 ग्रॅमवाल्यापेक्षा पुष्कळ अधिक टिकतो. दोघांच्या भावातील फरक हा आज वाचविलेला पैसा नसून पुढे भरावयाचा दंड आहे.

*सिमेंटचे पत्रे.* बाजारातील पुष्कळशा सिमेंट-पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. नव्या घरासाठी असे पत्रे घेऊ नयेत. जुने असतील तर ते कापू, घासू किंवा फोडू नयेत, कारण त्यांची धूळ श्वासात जाणे हाच खरा धोका आहे. या पत्र्यावर पाय देऊन कधीही चढू नये. तो पूर्वसूचना न देता मोडतो.

*स्लॅब.* वादळ, गारा व आग यांना स्लॅब उत्तम टिकतो. परंतु तो दिवसभर ऊन शोषून घेतो व रात्री तीच उष्णता घरात सोडतो. पाणी वाहून जाण्यासाठी दर मीटरला 1 ते 2 सें.मी. उतार द्यावा. उन्हाळ्यापूर्वी वरून चुन्याची पांढरी सफेदी दिल्यास ऊन परावर्तित होऊन खोली थंड राहते. हा सर्वांत स्वस्त उपाय असून तो दरवर्षी करावा.

उतार, वळचण व बांधणी

चांगले कौल चुकीच्या उतारावर गळते, हे नेहमी ध्यानात ठेवावे. मंगलोरी कौलांस सुमारे 30 अंशांचा उतार द्यावा, म्हणजे आडव्या 1 मीटर अंतरास 58 सें.मी. चढ. मेळघाटात उतार याहून कमी मुळीच नसावा. पत्र्यास कमी उतार चालतो, तरी तो 10 अंशांहून कमी करू नये.

हिशेबाचे एक उदाहरण पाहू. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर धरले आहे. समजा, घर बाहेरून 5 मीटर लांब व 5 मीटर रुंद आहे, छप्पर दुपाखी आहे आणि चारही बाजूंस 60 सें.मी. वळचण ठेवली आहे. तर छपराची आडवी मापे 6.2 मीटर × 6.2 मीटर, म्हणजे सुमारे 38.4 चौरस मीटर होतात. उतार 30 अंश असल्याने प्रत्यक्ष पाखी सुमारे 44.4 चौरस मीटर भरतात. दर चौरस मीटरला 15 प्रमाणे 666 कौले लागतात. फुटतूट धरून 700 आणावीत व 6.2 मीटर लांबीच्या आढ्यासाठी कोने वेगळे घ्यावेत. गारा पडल्यास त्याच मापाची कौले मिळावीत म्हणून आणखी 50 कौले गोठ्यात रचून ठेवणे शहाणपणाचे आहे.

पत्र्यांच्या बाबतीत पुढील नियम पाळावेत. उतारावरील जोडात वरचा पत्रा खालच्यावर किमान 15 सें.मी. चढवावा. बाजूच्या जोडात दीड ते दोन नळ्या एकमेकींवर याव्यात. ज्या बाजूने वारा-पाऊस येतो तिच्या विरुद्ध टोकाकडून पत्रे घालण्यास प्रारंभ करावा, म्हणजे जोडाचे तोंड वाऱ्याकडे येत नाही. बोल्ट नळीच्या माथ्यावर, डांबरी वॉशरसह बसवावा. खोलगट भागात बसविल्यास तेथूनच गळती लागते. पत्र्याखालचे आडवे दांडे एकमेकांपासून 1.5 मीटरहून दूर नसावेत. छपराच्या कडांना व कोपऱ्यांना बोल्ट अधिक दाट द्यावेत, कारण वारा पत्रा प्रथम तेथूनच उचलतो.

केवळ पत्रा दांड्याला बांधून भागत नाही. दांडा वाश्याला व वासा भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेला हवा, नाही तर सबंध छप्पर एकदम उचलले जाते. पत्र्यावर दगड ठेवण्याची चाल फार धोक्याची आहे. वादळात पत्रा तर जातोच, शिवाय दगड माणसांच्या अंगावर येतात.

जागेची निवडही येथेच पाहावी. 9 एप्रिल 2023 रोजी बाळापूर तालुक्यातील पारस येथे वादळी पावसात मंदिराच्या टिनाच्या शेडवर कडुनिंबाचे जुने झाड कोसळले व आसऱ्यास थांबलेल्या 7 जणांचा मृत्यू झाला. झाडाची सावली घराला हवीच, परंतु जुने, पोकळ किंवा कललेले झाड छपराच्या टप्प्यात असू नये. वादळ आले असता अशा शेडखाली थांबण्यापेक्षा झाडापासून दूर असलेल्या पक्क्या घरात जावे.

पत्र्याचा ताप कमी करण्यासाठी पत्र्याखाली 10 ते 15 सें.मी. पोकळी ठेवून बांबूचे ताटवे बसवावेत व पोकळीच्या दोन्ही टोकांस हवेला वाट ठेवावी. काही ठिकाणी उन्हाळ्यात पत्र्यावर पऱ्हाटी किंवा तुराट्या पसरतात. त्याने घर थंड राहते हे खरे, परंतु एका ठिणगीने सारी आळी पेटू शकते. त्यापेक्षा पत्रा वरून पांढरा रंगवावा.

भिंतींचे आवरण

काळ्या मातीने भिंत बांधू नये व गिलावाही करू नये. ती वाळताना आकसते व तडे जातात. आपल्या गावोगावच्या गढ्या पांढऱ्या मातीच्या आहेत, यामागे पूर्वजांचा अनुभव आहे. मातीची परीक्षा सोपी आहे. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती घालून पाणी भरावे, चिमूटभर मीठ टाकावे, खूप हलवावे व एक दिवस स्थिर ठेवावे. तळाशी वाळू, तिच्यावर गाळ व सर्वांत वर चिकणमाती असे थर दिसतात. चिकणमातीचा थर सर्वांत जाड असेल तर त्या मातीत वाळू मिसळावी.

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो टाळावा. माती व सिमेंट ऊन-पावसात सारखे प्रसरण पावत नाहीत. गिलावा सुटतो, त्यामागे पाणी साचते आणि भिंत आतून भिजत असल्याचे कळत नाही. मातीच्या भिंतीला मातीचाच गिलावा शोभतो व टिकतो.

तो पावसाने धुऊन जाऊ नये म्हणून डांबर मिसळण्याची एक रीत आहे. 80/100 प्रतीचे 1.5 किलो डांबर व 15 ग्रॅम मेण एकत्र वितळवावे. 300 मि.लि. रॉकेल वेगळ्या भांड्यात, चुलीपासून लांब घ्यावे व त्यात ते डांबर हळूहळू ओतीत ढवळत राहावे. रॉकेलचे भांडे विस्तवाजवळ कदापि नेऊ नये. गव्हाचे कुटार घालून आठवडाभर भिजवून तुडविलेल्या 30 लिटर चिखलात हे मिश्रण कालवावे. पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या भिंतींना तरी हा गिलावा अवश्य करावा. वाळल्यावर वरून शेणमातीचा हात द्यावा.

पऱ्हाटी, तुराटी किंवा बांबूच्या कुडाला जमिनीपासून वर घेतलेले जोते हवे. कुडाचे बूड मातीत गेले की वाळवी लागलीच म्हणून समजावे. मेळघाटातील कोरकू बांधवांची कुडाची घरे पाहण्यासारखी असतात, आणि तेथील लवादा गावच्या संपूर्ण बांबू केंद्राने बांबूकामाला नवे वळण दिले आहे.

विटांची भिंत बांधावयाची असल्यास वीट पारखून घ्यावी. कोरडी वीट तोलून 24 तास पाण्यात बुडवावी व पुन्हा तोलावी. वजन एक पंचमांशाहून अधिक वाढू नये. 3 किलोची वीट 3.6 किलोच्या पुढे गेली तर ती बाहेरच्या भिंतीस घेऊ नये. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेपासून केलेल्या विटांनाही हीच कसोटी लावावी.

खारपाणपट्ट्यासाठी विशेष सूचना

या भागात विहिरीचे किंवा कूपनलिकेचे खारे पाणी बांधकामास वापरल्यामुळे पुष्कळ नवी घरे अकाली जुनी होतात. भारतीय मानकाप्रमाणे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे 500 मिलिग्रॅमहून अधिक असू नये. अधिक असल्यास सळ्या आतून गंजतात व स्लॅबचे पापुद्रे खाली पडू लागतात. पाण्याचा नमुना आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. कालविण्यास गोडे पाणी व भिजविण्यास खारे, असेही करू नये. भर उन्हाळ्यात स्लॅब किमान 10 दिवस गोड्या पाण्याने ओला ठेवावा. पाणी विकत आणावे लागत असेल तर पावसाच्या तोंडी छप्पर उरकण्याची घाई न करता पाण्याचा हिशेब आधी मांडावा.

जोते काळ्या पाषाणाचे करून त्यावर 4 सें.मी. जाडीचा 1:2:4 काँक्रीटचा ओलरोधक थर सबंध भिंतीच्या रुंदीत द्यावा. घराभोवती काळी माती काढून मुरूम भरावा व बाहेर उतार असलेली फरशी घालावी. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी मुरू देऊ नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे 1936 सालापासून उभारलेल्या गांधीजींच्या आश्रमातील कुट्या माती, बांबू, लाकूड व देशी कौले यांच्याच आहेत आणि त्या आजही उभ्या आहेत. त्या टिकल्या याचे कारण पदार्थ महाग होता हे नव्हे. लांब वळचण, उंच जोते आणि दरवर्षीची निगा हे होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरकुलाच्या लाभार्थ्यास केवळ हप्त्याची तारीख सांगून थांबू नये. पाया खणण्यापूर्वी त्याच्यासह जागेवर उभे राहावे आणि पाणी कोणते, माती कोणती, पश्चिमेस काय आहे, जवळ झाड कोणते व पैसा किती, हे पाच प्रश्न विचारावेत. पैसा कमी असेल तर घराचे जोते, ओलरोधक थर व छपराची बांधणी यांत काटकसर करू नये. रंग, फरशी व नक्षीचे दार पुढील वर्षी करता येते. पश्चिमेस पडवी किंवा गोठा काढल्यास ऊन व झड दोन्ही भिंतीवर येत नाहीत, हेही त्यास सांगावे.

शेतकरी बंधूंनी अक्षयतृतीया झाली की शिडी लावून आपले छप्पर एकदा स्वतः पाहावे. सरकलेले कौल, सैल झालेला बोल्ट व सुटलेला गिलावा त्या दिवशी थोडक्यात नीट होतो. मृगाचा पहिला पाऊस आल्यानंतर त्याच कामाला दुप्पट खर्च लागतो, आणि तोवर घरातील धान्य व अंथरूण भिजलेले असते.